पोर्चमधली बोट

घरात दोनच माणसं असली की किस्से लवकर साचतात. चार माणसांच्या घरात काही झालं की ते चौघांत वाटलं जातं, कोणी विसरतं, कोणी भलतंच सांगतं, आणि महिन्याभरात विषय संपतो. आमच्याकडे तसं नाही. सकाळी काही घडलं की मी ते बाबांना सांगते, दुपारी बाबा तेच मला सांगतात, आणि संध्याकाळी आम्ही दोघं मिळून ते शेजारच्या खैरनारकाकांना सांगतो. ते घडलं तेव्हा काका तिथेच उभे असतात, ही गोष्ट वेगळी.

त्यात गेली दोन वर्षं सातपूरच्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये बाबा शिडाची बोट बांधत होते. त्यामुळे साठा बराच आहे.

माझ्याबद्दल एक आधीच सांगून ठेवते. मी दचकते. कुकर मीच लावलेला असतो, शिट्टी होणार हे मला माहीत असतं, तरी दचकते. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलंय, पण म्हणून फरक पडलेला नाही. पुण्यात एक नोकरी केली, चार महिन्यांत परत आले. आता घरूनच काम, दिवसभर कानाला हेडफोन. मागून हाक आली की मी खुर्चीतून उडते, म्हणून बाबा हल्ली खोलीत येण्याआधी बाहेर उभं राहून खोकतात.

* * *

बाबा एका कारखान्यात टूलरूमला होते. ते रिटायर झाले त्याच महिन्यात पुण्याला दादा-वहिनीला जुळं झालं आणि आई 'सहा महिन्यांसाठी' तिकडे गेली. जुळी आता चालतात, बोलतात, एकमेकांना चावतात. आईचे सहा महिने अजून चालू आहेत.

बाबाही जाऊन बघून आले. फ्लॅट अकराव्या मजल्यावर. "तिथे ठोकायला काही नाही," म्हणाले.

मग चार महिने ते फारसं बोललेच नाहीत. पूर्वीसारखे सकाळी साडेसहाला तयार व्हायचे, बूट घालायचे आणि पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसायचे. साडेतीनला शिफ्ट सुटायची वेळ झाली की बूट काढायचे. समोर कोणी जेवत असेल तरच बाबा जेवतात. मी मीटिंगमध्ये अडकले की उभ्याउभ्या दूध-पोळी.

एक दिवस माझ्या फोनवर ओटीपी आला. मी काहीच घेतलं नव्हतं. मी आधी दचकले, मग बँकेचा नंबर शोधायला लागले, तेवढ्यात दाराबाहेर खोकला ऐकू आला.

"मीच आहे. नंबर सांग."

बाबांनी माझ्या कार्डावर परदेशातल्या कुठल्याशा माणसाकडून कॅटामरानची ड्रॉइंग विकत घेतली होती. कॅटामरान म्हणजे दोन सडपातळ नावा शेजारी-शेजारी, मध्ये त्यांना जोडणारे आडवे पाइप, पाइपांवर बसायला जाळी, आणि वर शीड.

"बाबा, तुम्हाला पोहता येत नाही."

"पोहता येत असतं तर बोट कशाला लागली असती?"

संध्याकाळी खैरनारकाका आले. काका बाबांच्याच कारखान्यात स्टोअरला होते. मूळचे सटाण्याकडचे, आणि गंमत करायची असली की अहिराणीत शिरतात. त्यांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.

"बोट भारी शे," ते म्हणाले. "पानी कोठे शे?"

हा प्रश्न त्यांनी पुढे दोन वर्षं रोज संध्याकाळी विचारला. गेट उघडायच्या आधी.

* * *

बाबांनी काम सुरू केलं ते कारखान्याच्या पद्धतीने. प्रत्येक तयार भागाला सुतळीने कार्ड लटकवायचं. हिरवं म्हणजे पास, पिवळं म्हणजे थांबा, लाल म्हणजे रिजेक्ट. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून त्यांनी शंभरेक कार्डं रंगवून ठेवली.

मला पहिलं काम मिळालं ते पॉलिश पेपर घासायचं. ऑफिसचं काम संपवून मी दीड तास एक फळी घासली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर लाल कार्ड. खाली बाबांच्या टाचणीसारख्या अक्षरात कारण: 'मन नव्हतं.'

मी जाब विचारला. "मन कशाने मोजलंत?"

"तीन ठिकाणी खोल गेलंय, बाकी सगळं वरवर. तीन वेळा फोन बघितलास."

खरं तर चार वेळा.

हळूहळू कार्डं घरात शिरली. माझ्या उपम्याला पिवळं मिळालं: 'मीठ?' गिझरला लाल. खैरनारकाका एकदा जरा जास्त वेळ बसले, तर उठताना त्यांच्या पाठीला पिवळं निघालं.

दिवाळीला आई दोन दिवस आली. बॅग हातात तशीच ठेवून तिने पोर्च पाहिलं. प्लायवूड, भुसा, डबे, माझ्या ओढणीला लागलेला डिंक. ती एक एक कार्ड वाचत पुढे गेली. मग डब्यातून एक कोरं लाल कार्ड घेतलं आणि बाबांच्या शर्टाच्या बटणाला अडकवलं.

आम्ही सगळे हसलो. बाबा सर्वात जास्त.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई गेली. ते कार्ड बाबांनी आणखी तीन दिवस काढलं नाही. शर्ट बदलला की त्याला अडकवायचे.

* * *

आता दोन नावांचा किस्सा. हा मी सांगायला लागले की बाबा उठून आत जातात.

या बोटीतल्या नावा सरळसोट नसतात. प्रत्येक नावेची बाहेरची बाजू सपाट आणि आतली बाजू पोटासारखी फुगीर. म्हणजे डावी वेगळी, उजवी वेगळी, एकमेकींच्या आरशातल्या. ड्रॉइंगवर हे एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.

बाबांनी पस्तीस वर्षं एकच गोष्ट केली होती. एका ड्रॉइंगवरून हजार नग काढायचे आणि हजारावा नग पहिल्यासारखाच निघाला पाहिजे. इथेही त्यांनी एकच पॅटर्न बनवला आणि त्यावरून दोन नावा काढल्या. एक त्यांनी बांधली, एक त्यांच्या देखरेखीखाली मी. सात महिने लागले. शेवटच्या दिवशी त्यांनी व्हर्निअर काढला, दोन्ही नावा वीस ठिकाणी मोजल्या आणि माझ्या नावेला हिरवं कार्ड लावलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही," ते खैरनारकाकांना म्हणाले. काकांनीही हात फिरवून पाहिला. दोघं मागे सरून उभे राहिले. कारखान्यात मोठा जॉब डिस्पॅच होताना उभे राहत असतील तसे.

तेवढ्यात मंगलामावशी आल्या. गल्लीच्या टोकाला त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे, माझा ब्लाउज द्यायला आल्या होत्या. पिशवी माझ्या हातात देता देता त्यांनी नावांकडे पाहिलं. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्यात की."

बाबांनी व्हर्निअर पेटीत ठेवला, पेटी बंद केली, आणि साडेतीन वाजायला अजून एक तास होता तरी बूट काढले.

माझी नाव डावी म्हणून राहिली. बाबांनी स्वतःसाठी नवी उजवी बांधली, आणखी पाच महिने घालवून. जास्तीची नाव खैरनारकाकांच्या मेहुण्याने सायखेड्याला नेली. तिथे ती म्हशींची गव्हाण आहे. मेहुणे सांगतात, म्हशी लय खूश आहेत, चारा कोपऱ्यात अडकत नाही.

* * *

प्लायवूड जोडायला लागतं ते रेझिन. त्यात हार्डनर मिसळला की त्याचा डिंक होतो आणि मग दगड होतो. मिसळताना गरम होतो, हे मला माहीत होतं. किती गरम होतो, हे नव्हतं.

एप्रिलमधली दुपार. मी काम वाचावं म्हणून एकदम मगभर मिसळलं आणि पाणी प्यायला आत गेले. आले तर मगातून धूर निघत होता. मी किंचाळले, तो मग उचलला, हात भाजला, तसाच अंगणात फेकला. तो जास्वंदीखाली जाऊन धुमसत बसला. खैरनारकाकू कणकेच्या हातांनी धावत आल्या. समोरचे दोघं-तिघं आले. कोणीतरी वाळू टाकली. सगळे बराच वेळ थांबले. कोणी खुर्ची मागितली. मी चहा केला.

सांगायला लाज वाटते, पण त्या दुपारी मला फार बरं वाटलं. आमच्या घरी एकदम आठ कप चहा किती दिवसांत झाला नव्हता.

बाबांनी त्यावर उपाय काढला. उभ्या मगात ते तापतं, पसरट भांड्यात पातळ पसरलं की तापत नाही. पसरट भांडं स्वयंपाकघरात होतंच.

संध्याकाळी सातला आईचा व्हिडिओ कॉल आला. रोज येतो. रोज पहिली दहा मिनिटं स्क्रीनवर जुळ्यांचे कान आणि नाकपुड्या असतात, मग आई. मी हाताला लावलेली पट्टी दिसू नये म्हणून फोन बाबांकडे फिरवला.

आई बोलता बोलता थांबली. "तुमच्या मागे ते काय आहे?"

"काही नाही. काम."

"ते माझं श्रीखंडाचं पातेलं आहे का?"

बाबांनी पातेल्याकडे पाहिलं. त्यात ब्रश उभा होता. हात लावला तर पडत नव्हता.

"होतं," ते म्हणाले.

* * *

शिडाचं कापड परवडेना, म्हणून बाबांनी लासलगावहून कांद्यावर टाकायची जाड ताडपत्री आणली. शिवायचं काम मंगलामावशींकडे.

त्या टेप घेऊन आल्या आणि डोलकाठीपुढे उभ्या राहिल्या. "उंची सांगा. कंबर किती ठेवायची?"

"कंबर नसते शिडाला."

"घेर?"

घेर होता. वारा भरायला शिडाला पोट ठेवावं लागतं. हे बाबा मावशींना समजावून सांगत होते. मावशी ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, मी चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवते. मला पोट ठेवायला नका शिकवू."

शीड बेतशीर झालं. एकच गोष्ट बाबांच्या लक्षात आली. सगळ्या शिवणीत आतून दोन-दोन इंच कापड जास्तीचं होतं.

"हे कशाला?"

"माया ठेवलीय," मावशी म्हणाल्या. "पुढेमागे अंगाने भरली तर उसवून सैल करता येते."

* * *

डिसेंबरात बोट पाण्यात घालायचं ठरलं. त्याआधी सराव हवा. पाणी नव्हतं, म्हणून बाबांनी बोट लाकडी घोड्यांवर जोडून ठेवली आणि समोर पेडेस्टल फॅन लावला.

ही बोट दोघांची आहे. मागे बसणारा सुकाणू आणि मोठ्या शिडाची दोरी धरतो. पुढे बसणारा छोट्या शिडाची दोरी धरतो, आणि वळताना ती बरोबर वेळी सोडतो नि ओढतो. पुढची जागा माझी. महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही दोघं लाइफ जॅकेट घालून पोर्चमध्ये वळत होतो.

"वारा दोनवर आहे, तीनवर करू का?" मी विचारायचे.

"आधी दोनवर नीट वळ."

एकदा गेटवर कुरिअरवाला पार्सल घेऊन उभा राहिला. त्याने आम्हाला पाहिलं, फॅनला पाहिलं.

"मॅडम, सही करायला खाली येता का?"

"थांबा," बाबा म्हणाले. "आम्ही वळतोय."

तो थांबला. आमचं वळून झाल्यावर त्याने जॅकेटावर कागद ठेवून माझी सही घेतली. जाताना म्हणाला, "सावकाश जा."

त्याच संध्याकाळी खिशात फोन थरथरला आणि माझ्या हातून दोरी सुटली. छोटं शीड फडाफडा बाबांच्या तोंडावर.

"माणूस पाण्यात," बाबा शांतपणे म्हणाले. "कोणाचा मेसेज?"

"ऑफिसचा."

तो हैदराबादच्या एका कंपनीचा मेल होता. मी घरी कोणाला न सांगता अर्ज केला होता, इंटरव्ह्यू दिला होता, आणि त्यांनी मला घेतलं होतं. जानेवारीत रुजू व्हायचं, तिथे जाऊन राहायचं. हो की नाही ते तीन आठवड्यांत कळवायचं.

मला जायचं होतं. माझ्या शाळेतल्या, कॉलेजातल्या सगळ्या मैत्रिणी नाशकातून गेल्या आहेत. आठवड्यातून एखाद दिवशी असं होतं की बाबा आणि कॉम्प्युटरमधली माणसं सोडून मी कोणाशीच बोललेली नसते. मी सव्वीस वर्षांची आहे आणि मला सगळ्यात जास्त ओळखते ती एक नाव.

आणि मी गेले तर पुढच्या जागेवर कोण? जेवायला समोर कोण?

"परत," बाबा म्हणाले. "वारा दोनवर."

* * *

सांगायचे प्रयत्न मी पाच वेळा केले. पाचही वेळा तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं. एकदा तर "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय" इथपर्यंत गेले. बाबांनी ब्रश खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिली.

"गॅस संपत आलाय," मी म्हणाले.

आईला सांगितलं असतं तर ती पुढच्या मिनिटाला बाबांना सांगणार. मंगलामावशींना सांगून पाहिलं. त्या काज करत होत्या. "मग सांग की त्यांना," म्हणाल्या. "सांगते," मी म्हणाले. झालं तेवढंच.

त्या आठवड्यात बाबा जुळ्यांच्या वाढदिवसाला पुण्याला गेले, चार दिवसांसाठी. ऑफिसचा एक रिपोर्ट द्यायचा होता म्हणून मी राहिले. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मला वाटलं, घरात कोणी नाही, मोठ्याने म्हणून बघावं. मी माझ्या नावेजवळ स्टूल घेऊन बसले.

"बाबा, मला हैदराबादला नोकरी लागली आहे. मी जाऊ का?"

नाव टकटक वाजली.

मी स्टुलासकट मागे पडले. परत दोनदा टकटक. मी घरात पळाले, कडी लावली आणि बाबांना फोन केला.

"बोट वाजतेय," मी म्हणाले. "आतून."

मागे जुळ्यांचा गोंधळ चालू होता, फुगे फुटत होते. मला फोनवरही दचकायला होत होतं. बाबा म्हणाले, "ऊन गेलं की लाकूड आखडतं. रोज वाजते. तू रोज हेडफोनमध्ये असतेस."

"बरं."

"घाबरली असेल तर सांग तिला, उद्या येतो."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी दुपारी हजर. एक दिवस आधी. मी विचारलं तर म्हणाले, "तिथे मी जिथे उभा राहतो तिथूनच कोणाला तरी जायचं असतं." मग हातपाय धुवून थेट पोर्चमध्ये गेले आणि दोन्ही नावांवर, डावीवर आणि उजवीवर, एकेकदा हात ठेवून आले.

* * *

बोट पाण्यात गेली त्या रविवारचं आता सांगते. सोमवारी संध्याकाळपर्यंत मला हैदराबादला उत्तर द्यायचं होतं.

बोट सुटी करून टेम्पोत घातली. पुढे टेम्पो, मागे काकांच्या गाडीत आम्ही. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला काकांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची जमीन अगदी पाण्याला लागून आहे. त्याला सगळं आधी सांगून ठेवलं होतं. तरी बोट उतरताना पाहून तो म्हणाला, "एवढी मोठी हाय होय? मला वाटलं पोरांचं खेळणं."

बाबा आणि काका बोट जोडायला लागले. मी मंगलामावशींबरोबर पूजेचं काढलं. नारळ मावशींनी फोडला. मला आवाज सहन होत नाही म्हणून मी आधीच कान झाकले होते. मावशींनी बोटीला हळदकुंकू लावलं, शिडाच्या शिवणीवरून एकदा हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "सांगितलंस?"

"नाही."

"मग आज पाण्यात सांग. तिथे उठून जाता येत नाही कोणाला."

अकराच्या सुमाराला वारा सुटला. बाबांनी आणि मी गुडघाभर पाण्यात बोट ढकलली आणि आम्ही चढलो. ती डुलली. मी डोळे मिटले. उघडले तर आम्ही पाण्यावर होतो, बोट तरंगत होती, आणि काठावर खैरनारकाकांनी टोपी काढून हातात धरली होती. मी त्यांना दोन वर्षांत पहिल्यांदा गप्प पाहिलं.

बाबा मागे बसले, मी पुढे. वाऱ्याने मोठं शीड भरलं. मी माझी दोरी घ्यायला हात टाकला.

दोरी तिथे नव्हती.

मला वाटलं, गडबडीत खाली गेली. मी वाकून जाळीखाली हात घातला. दोरी सापडली, पण ती माझ्याकडे येत नव्हती. पोर्चमधल्यासारखी पुढे न येता ती छोट्या शिडापासून जाळीखालून एका कप्पीतून मागे गेली होती. मी ती हाताने चाचपत मागे गेले. ती थेट बाबांच्या गुडघ्यापाशी निघाली, सुकाणूच्या शेजारी, जिथे त्यांचा हात बसल्या जागी पोहोचेल तिथे. तिला अडकवायला त्यांच्या नावेच्या आतल्या अंगाला लाकडाचा एक ठोकळा चिकटवलेला होता. त्यांच्या नावेच्या त्या बाजूला मला कधी काम पडलं नव्हतं.

ठोकळ्याभोवतीचं रेझिन मी पाहिलं. नवं रेझिन काचेसारखं स्वच्छ असतं. उन्हात राहून राहून पिवळं पडतं, आणि त्याला महिने लागतात. हे मधासारखं पिवळं झालेलं होतं. मला मेल येऊन तीनच आठवडे झाले होते.

"बाबा, हे कधी केलंत?"

"तू पुढे बस. वजन पुढे पाहिजे."

"पण माझी दोरी—"

"आज तू हात लावायचा नाहीस. एकट्याला जमतं का बघू दे."

मी पुढे जाऊन बसले. बाबांनी वळायला घेतलं. सुकाणू ढकललं, छोटी दोरी सोडली, मोठी ओढली, गोंधळ झाला. बोट वाऱ्यात तोंड घालून उभी राहिली आणि हळूहळू मागे मागे जायला लागली. सवयीने माझा हात दोरीकडे गेला.

"नाही," बाबा म्हणाले.

मी हात मांडीखाली घेतले.

दुसऱ्यांदाही तसंच. शिडाचा खालचा दांडा त्यांच्या कानाला घासून गेला. काठावरून मावशी काहीतरी ओरडल्या, ऐकू आलं नाही. बाबांनी चष्मा काढून जॅकेटाच्या आत ठेवला. दोन्ही दोऱ्या नीट लावून घेतल्या, सुकाणू काखेत धरलं, आणि बराच वेळ नुसते वारा बघत बसले.

तिसऱ्यांदा बोट वळली. सावकाश, पूर्ण, एकदाही न अडखळता. दोन्ही शिडं पलटली, भरली, आणि आम्ही काठाकडे पाठ करून निघालो.

बाबांनी छोटी दोरी ठोकळ्यात अडकवली. मग माझ्याकडे पाहून एकदा खोकले.

"झालं," ते म्हणाले. "आता सांग."